जुन्या पिकअपला मोठे इंजिन बसविणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या कार्यशाळेत मालवाहू गाड्यांच्या इंजिनांचे काम चालते. गूळ, भाजीपाला, दूध आणि लोखंडी सुटे भाग वाहणाऱ्या पंधरा-वीस वर्षे जुन्या पिकअपचे मालक आमच्याकडे येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणते मोठे इंजिन बसेल?’ असा असतो. हा प्रश्न खरे तर शेवटी यायला हवा, म्हणून पुढील उत्तरांचा क्रम आम्ही मुद्दाम थोडा वेगळा ठेवला आहे.

गाडीला ओढ राहिलेली नाही. मोठे इंजिन बसविणे हाच उपाय आहे का?

आधी ओढ कुठे गेली ते शोधावे. इंजिन गरम असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे; तेथून ठोक्याठोक्याने धूर येत असेल तर रिंगा व बोअर झिजले आहेत, आणि अशा इंजिनाचे काम काढल्यावर (ते उघडून झिजलेले भाग नवे केल्यावर) ते पुन्हा मूळ ताकदीने चालते. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एखादा ड्रम इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागला तर त्या चाकाचे ब्रेक लायनर घासत आहेत. क्लच घसरणे, नोझलमधून डिझेलचा फवारा नीट न होणे, पंपाचे टायमिंग हलणे आणि एअर फिल्टर चोंदणे या चार कारणांनीही चढावर गाडी मरते.

राधानगरी भागातील एक शेतकरी मोठ्या इंजिनासाठी आगाऊ रक्कम घेऊनच आले होते. त्यांच्या गाडीचे मागचे दोन्ही लायनर धरलेले निघाले आणि एअर फिल्टरमध्ये उसाच्या पाचटाचा भुसा गच्च बसलेला होता. तेवढे काम करून गाडी परत दिली आणि आगाऊ रकमेतील बराचसा भागही परत केला. त्यानंतर ते फोंडा घाट उतरून कोकणात आंबे आणायला नियमित जातात, इंजिन मात्र जुनेच आहे.

जास्त क्षमतेचे इंजिन बसविणे कायद्याने चालते का?

या प्रश्नाचे उत्तर मालकांना आवडत नाही, पण ते स्पष्ट देणे आमचे काम आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयातही हीच भूमिका घेतली आहे. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बदलून घेणे ही वेगळी बाब असून तिला परवानगीची वाट आहे. इंजिनाची क्षमता किंवा प्रकार बदलणे याला ती वाट आपोआप लागू होत नाही. विनापरवाना बदल केल्यास कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

त्यामुळे इंजिन विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय भंगारवाल्याला एक रुपयाही देऊ नये. ‘आधी बसवू, मग पाहू’ या सल्ल्यावर विसंबलेल्या गाड्या आमच्या दारात आल्या आहेत; इंजिन उत्तम चालत होते, पण परवानगीअभावी गाडी घरापुढे उभी होती. परवानगी नाकारली गेली तर जुन्याच इंजिनाचे संपूर्ण काम काढणे किंवा त्याच प्रकारचे चांगले इंजिन मिळविणे हा मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका कमी दर्जाचा नाही.

परवानगी मिळाल्यावर पुढे काय करायचे?

बदल पूर्ण झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी लागते. इंजिन कोणत्या गाडीतून निघाले त्याचे बिल, त्या गाडीच्या नोंदणीची प्रत आणि इंजिन क्रमांकाचा स्पष्ट ठसा जपून ठेवावा. गाडीवर कर्ज असल्यास वित्तपुरवठादाराची संमती आधीच घ्यावी. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या तपासणीत अधिकारी इंजिन क्रमांक पाहतात, त्यामुळे आज न केलेली नोंद तेव्हा उघडी पडतेच.

गाडी फक्त शेतात आणि गुऱ्हाळावर चालवायची आहे. तरीही कागदपत्रे लागतात का?

लागतात. कलम ३९ मध्ये सार्वजनिक ठिकाणाबरोबरच ‘इतर कोणत्याही ठिकाणी’ वाहन चालविण्यासाठीही नोंदणीची अट आहे. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनविलेली वाहने मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहतात, पण रस्त्यावरची पिकअप बांधावर नेऊन उभी केल्याने ती तशी होत नाही.

विम्याचे काय?

बदल विमा कंपनीला लेखी कळवावा आणि पॉलिसीवर त्याची नोंद घ्यावी. न कळविलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो.

कोणते इंजिन निवडावे?

ज्या उत्पादकाची गाडी, त्याच उत्पादकाच्या त्याच कुळातील पुढच्या किंवा समकालीन गाडीचे इंजिन पहिल्यांदा पाहावे. आपल्या भागात या कामाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे महिंद्राच्या जुन्या पिकअपमधील २,११२ सीसीचे प्युजो इंजिन काढून २,५२३ सीसीचे डीआय (थेट इंधन फवारणीचे) इंजिन बसविणे. दोन्ही महिंद्राचीच असल्याने बरेच सुटे भाग बाजारात मिळतात आणि मेस्त्र्यांना दोन्हींची सवय आहे. दुसऱ्या कंपनीचे इंजिन स्वस्त मिळाले म्हणून आणले, तर त्याची खरी किंमत लेथवर कळते.

इंजिन चालू अवस्थेत ऐकूनच घ्यावे. सकाळी थंड असताना ते कसे पेटते, हे दुपारी गरम इंजिन ऐकण्यापेक्षा जास्त सांगते. विक्रेत्याने आपण पोचण्यापूर्वीच ते चालू करून ठेवले असेल तर बॉनेटला हात लावून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

मोठे इंजिन बसविले की गाडी घाटातही ओढेल आणि हायवेलाही पळेल, हे खरे का?

येथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो, म्हणून या उत्तराला थोडी जास्त जागा देत आहोत. इंजिनाचा हिशोब बॉनेटपासून खाली न करता चाकापासून वर करावा, असे आमचे ठाम मत आहे.

समजा जुन्या इंजिनाचा टॉर्क (फिरविण्याचा जोर) १२० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ४ आणि डिफरन्शियलचे (मागच्या अॅक्सलमधील गिअरचे) ५.३८ आहे. गुणाकार केल्यास मागच्या अॅक्सलवर सुमारे २,५८० न्यूटन-मीटर जोर येतो. इंजिन बदलून टॉर्क १८० झाला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर हाच आकडा सुमारे ३,८७० होतो. वीस वर्षे जुना अॅक्सल शाफ्ट, त्याची झिजलेली स्प्लाइन (खाचांचे टोक) आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्यावर दीडपट भार पडतो. भरलेली गाडी चढावर उभी असताना क्लच झटक्यात सोडला की मागून एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्यानंतर इंजिन फिरते, गाडी फिरत नाही.

आता वेगाकडे पाहू. जुने प्युजो इंजिन मिनिटाला चार हजारांच्या वर फिरायला तयार असे. थेट इंधन फवारणीचे मोठे डीआय इंजिन तीन हजारांच्या आसपासच आपले काम संपविते. टायरचा घेर २.३ मीटर आणि टॉप गिअर थेट (प्रमाण १) धरला तर ५.३८ च्या डिफरन्शियलवर तीन हजार फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे ७७ किलोमीटर येतो. म्हणजे घाटात गाडी सुखाने चढते, पण पुणे-बंगळूर महामार्गावर किणी टोलनाक्यापासूनच ती ओरडू लागते आणि मालक मेस्त्र्याला दोष देतो.

याच हिशोबात डिफरन्शियल ४.२७ चे घेतले तर तीन हजार फेऱ्यांना वेग सुमारे ९७ किलोमीटर होतो आणि पहिल्या गिअरमधील अॅक्सलवरचा जोर ३,०७० च्या आसपास राहतो. तो मूळ गाडीपेक्षा जवळपास एक पंचमांश जास्त आहे आणि अॅक्सलला पेलणारा आहे. एकाच बदलाने वेगही मिळतो आणि शाफ्टही वाचतात. वरील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गाडीचे खरे प्रमाण डिफरन्शियलमधील क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरचे दात मोजून काढावे.

एक गोष्ट राहून जाते. स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून येत असल्याने डिफरन्शियल बदलल्यावर काटा खोटे बोलू लागतो. वरच्या उदाहरणात काटा ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ७६ ने धावत असेल. तारेचा छोटा गिअर बदलून घ्यावा.

जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जोडता येतो का?

बेल हाऊसिंगची (क्लचवरच्या कवचाची) भोके जुळत नसतील तर मध्ये अॅडॉप्टर प्लेट घालावी लागते. उद्यमनगरात अशी प्लेट एका दिवसात कापून मिळते आणि गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत फ्लायव्हीलचे कास्टिंगही करून मिळेल, त्यामुळे प्लेट बनविणे ही अडचण नाही. प्लेट मध्यावर बसविणे ही अडचण आहे.

गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या टोकातील पायलट बेअरिंगमध्ये फिरतो. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत हवेत. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक सरक दाखविणारे काट्याचे माप) बांधून क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा आणि बेल हाऊसिंगच्या भोकाच्या कडेवर काटा किती सरकतो ते पाहावे. काट्याची एकूण सरक पाव मिलिमीटरच्या आत असावी. त्यानंतरच प्लेटमध्ये डोवेल पिना ठोकाव्यात, कारण बोल्ट प्लेटला आवळून धरतात, तिची जागा पक्की करीत नाहीत.

हे आम्ही स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका गाडीला डोवेलशिवाय, फक्त बोल्टच्या भोकांवर विसंबून प्लेट बसविली. गाडी गुळगुळीत चालली, मालक पेढे देऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात क्लच दाबल्यावर बारीक किणकिण सुरू झाली, आणि गिअरबॉक्स उतरविला तेव्हा पायलट बेअरिंगच्या जागी काळपट भुकटी आणि चार वेडेवाकडे रोलर हाती आले. इनपुट शाफ्टचे टोक निळे पडले होते. शाफ्ट, बेअरिंग आणि मजुरी आमच्या खिशातून गेली. तेव्हापासून डायल गेजचे वाचन कामाच्या वहीत लिहून त्यावर मालकाची सही घेतो.

माउंटिंग आणि चेसिसबाबत काय काळजी घ्यावी?

इंजिन ज्यावर टेकते ते माउंटिंगचे रबर नव्या इंजिनाचे स्वतःचेच वापरावे. जुने रबर जुन्या वजनाचे असते. ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टने बसवावे. वरच्या-खालच्या पट्टीत भोके पाडणे किंवा त्यावर आडवे वेल्डिंग मारणे टाळावे, कारण चेसिसला चीर तेथूनच जाते. गिअरबॉक्सची मागची फ्लँज आणि डिफरन्शियलची पुढची फ्लँज परस्परांना समांतर राहतील असा इंजिनाचा कल ठेवावा, अन्यथा ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि ती थरथर चाकांच्या बॅलन्सिंगने जात नाही.

इंजिन प्रथम नुसते टेकवून पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण दाबले जातील अशी स्थिती आणून पाहावी आणि ऑइल चेंबर व पुढच्या अॅक्सलमध्ये किती जागा उरते ते मोजावे. उभ्या गाडीत दिसणारी चार बोटे जागा पहिल्याच खड्ड्यात संपते.

जुना रेडिएटर चालेल का?

बहुधा नाही. डिझेलमधील उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तितकाच पाण्यावाटे रेडिएटरमध्ये जातो आणि उरलेला धुरावाटे बाहेर पडतो. चढावर जास्त ताकद काढली की तितकी जास्त उष्णताही रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. नळ्यांची एक ओळ जास्त असलेला कोअर घालावा, पंख्याभोवती श्राऊड (हवेला वाट देणारे कडे) बसवावा आणि पाती श्राऊडमध्ये साधारण अर्धी आत राहतील असे पाहावे. करूळ किंवा आंबा घाट चढताना गाडीचा वेग बैलगाडीएवढा असतो. तेथे वाऱ्याचा उपयोग नसतो, पंखा जेवढी हवा ओढील तेवढीच.

ब्रेकमध्ये काही बदल करावा लागतो का?

येथे चूक झाली तर जीव जातो. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला (ब्रेक पॅडलचा जोर वाढविणाऱ्या भागाला) पुरेल असा व्हॅक्यूम तयार होत नाही. तो वेगळ्या पंपातून येतो आणि पुष्कळ गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. भंगारातून इंजिन घेताना दुसराच अल्टरनेटर लावून दिला गेला तर बूस्टरला व्हॅक्यूमच मिळत नाही, आणि ही बाब कार्यशाळेच्या अंगणात गाडी मागेपुढे करताना लक्षात येत नाही. गाडी बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, नंतर दाबून धरून इंजिन सुरू करावे. पॅडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे. तसे झाले नाही तर गाडी दाराबाहेर काढू नये.

लायनर, चाकाचे सिलेंडर आणि होज पाइप इंजिनाबरोबरच नवे घालावेत. इंजिनाचे वजन वाढल्याने पुढचे पाटे बसले असतील तर तेही पाहून घ्यावेत.

वायरिंगमध्ये नेहमी राहून जाणारी गोष्ट कोणती?

इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी. इंजिन रबरावर बसलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. पट्टी लावायची राहिली तर सेल्फचा सगळा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. आमच्या एका शिकाऊ मुलाने सेल्फ मारला तेव्हा केबलचे वेष्टण वितळून धूर आला आणि आतली तार लाल झालेली आम्ही सर्वांनी पाहिली.

कॉमन रेल इंजिन बसवावे का?

जुन्या गाडीला यांत्रिक पंपाचेच इंजिन योग्य, असे आमचे मत आहे. कॉमन रेलमध्ये इंधनाची फवारणी संगणक ठरवितो, म्हणून त्याबरोबर त्याचा संगणक, सेन्सर, पॅडल, किल्लीचे कुलूप आणि संपूर्ण वायरिंग हार्नेस आणावा लागतो. त्यातील एक जोड सैल झाली तर गाडी दाजीपूरच्या जंगलात उभी राहते आणि तेथे पान्याने काही होत नाही.

इंजिन मोठे झाल्यावर जास्त माल भरता येईल ना?

नाही. गुळाचा एक रवा ३० किलोचा धरला तर ४० रव्यांचे १,२०० किलो होतात; गाडीची परवानगी तेवढी असेल तर इंजिन कोणतेही असो, ४१ वा रवा जास्तीचाच. पाटे, अॅक्सल, टायर आणि नोंदणीतील एकूण वजन यांपैकी काहीही इंजिनामुळे वाढत नाही. कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

डिझेल जास्त लागेल का?

चालविणाऱ्यावर आहे. कमी फेऱ्यांत, वरच्या गिअरमध्ये चालविल्यास भरलेली गाडी पूर्वीपेक्षा कमीही पिते.

खर्च आणि वेळ किती धरावा?

इंजिनासाठी जितकी रक्कम मोजाल, साधारण तितकीच रक्कम क्लच, रेडिएटर, ब्रेक, शाफ्ट, लेथकाम आणि मजुरीसाठी बाजूला ठेवावी. ऊस हंगाम सुरू झाल्यावर गाडी आणू नये. त्या दिवसांत लेथवाल्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कामांची रांग असते आणि आपली गाडी अर्धवट उघडी पडून राहते. पावसाळ्याचे दोन महिने या कामाला चांगले.

काम झाल्यावर चाचणी कशी घ्यावी?

पहिल्या दिवशी रिकामी गाडी पन्हाळ्यापर्यंत न्यावी. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि शेवटचा चढ पाण्याच्या तापमानाच्या काट्याची परीक्षा घेण्याइतका आहे. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे चालू ठेवावे, काटा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहावे, मग खाली वाकून ऑइल, डिझेल व पाण्याचा थेंब कुठे आहे का ते शोधावे. परत आल्यावर माउंटिंग व शाफ्टचे सर्व नट पुन्हा आवळावेत. त्यातले दोन-तीन हमखास फिरतात. पहिले ५०० किलोमीटर निम्माच माल भरावा, नंतर ऑइल बदलावे आणि मगच घाटाचे भाडे घ्यावे.

काढलेले जुने इंजिन लगेच विकले तर चालेल का?

नोंदणी प्रमाणपत्रात नवा क्रमांक चढेपर्यंत विकू नये. तोपर्यंत कागदोपत्री तेच आपल्या गाडीचे इंजिन असते, आणि ते दुसऱ्या कोणत्या गाडीत सापडले तर विचारणा आपल्याकडेच होते. नोंद झाल्यावर विकताना घेणाऱ्याच्या सहीची पावती घ्यावी, तीवर इंजिन क्रमांक लिहावा आणि ब्लॉकवरील क्रमांकाचा फोटो तारखेसह ठेवावा.